सेतुरावांची पाच रिळं

सिनेमा संपला की हॉलमधले दिवे लावायला मी नेहमी जरा उशीर करायचो. लोकांना वाटायचं, ऑपरेटर मोठा रसिक आहे, आपल्याला घटकाभर अंधारात बसू देतो. तसलं काही नव्हतं. दिवे लागले की मतं सुरू व्हायची, आणि एकदा मतं सुरू झाली की माझी घरी जायची वेळ लांबत जायची. तेवढाच काय तो विसावा.

मद्रासला कोडंबाक्कमच्या बाजूला एका लहानशा प्रिव्ह्यू थिएटरात मी नोकरीचा बहुतेक काळ काढला. प्रिव्ह्यू थिएटर म्हणजे तिकीट काढून जायचं थिएटर नव्हे. तयार होत आलेला सिनेमा निर्माते, वितरक आणि त्यांचे सोयरेधायरे जिथे आधी पाहून घेतात, ती खोली. मी मूळचा कोल्हापूरचा. तिथल्या स्टुडिओंतलं काम आटलं आणि मद्रासकडे हिंदी सिनेमे निघायला लागले, तेव्हा एका ओळखीच्या कॅमेरामनच्या मागोमाग इकडे आलो. चार महिन्यांसाठी म्हणून आलो होतो. पुढे तमिळ शिकलो, रसमशिवाय जेवण गोड लागेना, आणि परत जायचं राहूनच गेलं.

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे बटण दाबायचं वाटतं. सिनेमा सबंध एका पट्टीत येत नाही. दहा-अकरा मिनिटांची एकेक रिळं पत्र्याच्या डब्यांत येतात. केबिनमध्ये दोन मशीनं असतात. एकावर रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीकसा ठिपका चमकून जातो. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा ठिपका दिसला की पहिलं बंद करायचं. खाली बसलेल्याला सांधा कळता कामा नये. प्रकाशासाठी दोन कार्बनच्या कांड्या जळत असतात, त्या झिजतील तशा पुढे सरकवाव्या लागतात. मे महिन्यात त्या केबिनमध्ये बनियन अंगावर ठेवणंसुद्धा नको व्हायचं. म्हणजे ऑपरेटरनं सिनेमा पाहायचा नसतो, सिनेमाचा कोपरा पाहायचा असतो. हजारो सिनेमे दाखवूनही मला त्यांतल्या फारशा गोष्टी सांगता येत नाहीत त्या यामुळे.

दर शनिवारी संध्याकाळी आमचं थिएटर एक फिल्म सोसायटी भाड्यानं घ्यायची. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतले साहेब असे सभासद. वकिलातींकडून आणि दुसऱ्या शहरांतल्या सोसायट्यांकडून यांच्याकडे परदेशी सिनेमे यायचे. हंगेरी, पोलंड, जपान, स्वीडन. बाजारात जे चालतं त्याला ही मंडळी सिनेमा म्हणायला तयार नसत. मला मात्र बाजारातलेच आवडत. मारामारी असावी, एखादा देव प्रकट व्हावा, शेवटी आईची आणि मुलाची भेट व्हावी. एकदा हे मी बोलून दाखवलं तर सगळे इतक्या प्रेमानं हसले की पुन्हा बोललो नाही.

सभासदांचे नाना प्रकार होते. सुंदरेशन नावाचे नामांकित वकील होते. दुसऱ्या रिळाला त्यांचा डोळा लागे तो शेवटच्या रिळाला उघडे, आणि चर्चेत पहिलं मत त्यांचं. मिसेस थॉमस कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्यांना कुठल्याही सिनेमात संगीत जास्त वाटायचं. एक डॉक्टर फक्त स्वीडनचा सिनेमा असला तरच येत. सोसायटीला सिनेमे सेन्सॉरच्या कात्रीशिवाय मिळत, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. अपेक्षेप्रमाणे काही दिसलं नाही की मध्यंतरातच निघून जायचे आणि जाताना मला म्हणायचे, "फारच संथ आहे हो."

हे सिनेमे पुष्कळदा भाषांतराच्या ओळींशिवाय यायचे. मग कथेचा सारांश इंग्रजीत टाइप करून वाटला जाई. एकदा हंगेरीच्या डब्यांबरोबर भलताच कागद आला. त्यावर युद्धात नवरा गेलेल्या बाईची कथा होती. पडद्यावर एक बाई होती खरी, पण ती गुरांच्या बाजारात हिंडत होती. दिवे लागल्यावर तासभर चर्चा झाली. गुरं म्हणजे युद्धात गेलेले सैनिक, असं सगळ्यांचं एकमत झालं. सोमवारी बरोबर कागद आला. बाईचा नवरा जिवंत होता आणि त्याला बैल विकत घ्यायचा होता. मी हसत सुटलो, पण मला कागद दाखवणारे सोसायटीचे सेक्रेटरी हसले नाहीत. म्हणाले, "जाधवराव, त्यांनीं बघितलं तेंही खरंच की. कुणास दुःख दिसलं तर दिसूं दे."

हे सेक्रेटरी म्हणजे सेतुराव. रेल्वेच्या कचेरीत कारकून. घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलुखात राहिलेली आपली माणसं. घरात मराठी बोलायचे, पण ती आपली मराठी नव्हे. दोनशे वर्षांपूर्वीची, वर तमिळचा हेल. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, बखरीतला एखादा सरदार उठून कॉफी मागतोय. पुढे कान सरावला.

सोसायटीचं सगळं ओझं सेतुरावांच्या डोक्यावर होतं. मतं देणारे पुष्कळ, डबे उचलणारा एक. पत्रं लिहायची, सेंट्रल स्टेशनावरून रिक्षात घालून डबे आणायचे, दुसऱ्या दिवशी बंगलोरच्या गाडीत चढवायचे. चर्चेत कधी बोलायचे नाहीत. दाराशी उभं राहून ऐकायचे. इतक्या वर्षांत त्यांनी एकच हट्ट केला, तो म्हणजे स्वतःचा सिनेमा.

एके दिवशी केबिनच्या जिन्यावर बसून म्हणाले, "मज एक काम होतं तुमच्यापाशीं. स्टुडिओंत फिल्मचे उरलेले तुकडे पडून असतात म्हणतात की. ते मिळतील काय?"

कोरी फिल्म तेव्हा सहज मिळत नसे, परवाने लागत. पण मोठ्या सिनेमांत शॉट झाला की रिळाच्या शेवटी थोडी कोरी फिल्म उरते. तसे तुकडे मी ओळखीच्या कॅमेरामनकडून मागून मागून आणले. कुणाकडून पसाभर, कुणाकडून मूठभर. एक असिस्टंट कॅमेरामन रविवारी कॅमेरा घेऊन यायला तयार झाला. अशा रीतीनं, तुकडा असेल तेवढाच शॉट घेत, दोन वर्षं काम चाललं होतं.

गोष्ट साधी. तंजावरचा एक म्हातारा आणि त्याची मुलगी. आई नाही. मुलीला मद्रासला टायपिस्टची नोकरी लागते. बाप मराठीत बोलतो, मुलगी त्याला तमिळमध्ये उत्तर देते, कारण तिच्या तोंडात आता तमिळच बसलेलं. शेवटी तो तिला गाडीत बसवून देतो. बस, एवढंच. मुलीचं काम सेतुरावांच्या भाचीनं केलं आणि बापाचं त्यांच्या वडिलांनी. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा शाळेत गणिताचे मास्तर होते. निवृत्त होऊन मुलाकडे मैलापूरला राहायचे. जन्मात नाटकातसुद्धा काम केलेलं नाही.

बाहेर शूटिंग करताना आवाज घेणं जमलं नव्हतं, म्हणून तो नंतर भरावा लागला. ते काम आमच्याकडेच झालं. फिल्मचा एक तुकडा वाटोळा जोडून मशीनवर चढवायचा, म्हणजे तेच दृश्य पुन्हा पुन्हा पडद्यावर येत राहतं. समोर उभ्या माणसानं आपल्या तोंडाची हालचाल पाहून बरोबर त्या वेळी बोलायचं. भल्याभल्या नटांना घाम फुटतो. मी अप्पांना एवढंच सांगितलं होतं, "पडद्यावर तोंड हललं की बोलायचं, अप्पा." गणिताचा माणूस. दुसऱ्या फेरीला त्यांची वेळ अचूक जमली. भाची मात्र लाजून पुन्हा पुन्हा चुकायची, म्हणून तेच दृश्य अप्पांना वीस-वीस वेळा बोलावं लागायचं. दोघांचीही वाक्यं त्यांना तोंडपाठ झाली. अप्पांचा आवाज थोडा घोगरा, पण ऐकत राहावं असा. मशीनच्या खडखडाटात केबिनमधल्या स्पीकरवर तो ऐकताना मी कोपऱ्यातला ठिपका विसरायचो. असं माझं फार वेळा झालेलं नाही.

पाच रिळं झाली. एका शनिवारी सोसायटीपुढे सिनेमा ठेवला. सोसायटीनं शिफारस केली तर तो दुसऱ्या शहरांत फिरणार होता, नाहीतर डबे सेतुरावांच्या खाटेखाली जाणार होते. मद्रासच्या दमट हवेत खाटेखालच्या फिल्मचं काय होतं ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्यांनी मोठ्या हौसेनं आपली माणसं म्हणून महाराष्ट्रातून आलेल्या दहा-बारा कुटुंबांनाही बोलावलं. बँकेतले, केंद्र सरकारच्या नोकरीतले. अप्पा काळा कोट घालून पहिल्या रांगेत.

दुसऱ्या रिळात स्वयंपाकघरातला प्रसंग होता. मुलगी नोकरीचं सांगते, बाप पानावरून उठतो आणि म्हणतो, "तुझी माय असती तर मज हें बोलणें प्राप्त झालें नसतें."

आणि हॉलमध्ये हशा पिकला.

आमचीच माणसं हसत होती. दुष्टपणा नव्हता त्यात. "प्राप्त झालें नसतें" हे त्यांनी शाळेच्या पुस्तकाबाहेर कधी ऐकलंच नव्हतं. एकदा हसू फुटल्यावर ते आवरेना. पुढे म्हातारा तोंड उघडायचा अवकाश, की खुसखुस सुरू. मला केबिनच्या काचेच्या भोकातून डोकी हलताना दिसत होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला मशीन बंद करून खाली जावं आणि एकेकाच्या कानाखाली द्यावी असं वाटलं.

दिवे लागले. एक बाई डोळे पुसत सेतुरावांना म्हणाल्या, "कित्ती गोड बोलतात हो तुमच्यात!" सेतुराव मान हलवून कॉफीच्या पेल्यांकडे वळले. अप्पांचा चेहरा मात्र फुलला होता. मला जिन्याशी गाठून म्हणाले, "जाधवराव, हसले पाहा लोक! आवडलं म्हणायचं." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग मतं. सोसायटीची मंडळी हसली नव्हती, कारण त्यांना म्हाताऱ्याचं एक अक्षर कळलं नव्हतं. आता, पोलिश तरी त्यांना कुठे कळत होतं? पण पोलिश न कळणं ही त्यांना अडचण वाटत नसे. इथे मात्र म्हाताऱ्याच्या बोलण्यानं त्यांची फारच पंचाईत झाली. सुंदरेशन म्हणाले, चेहऱ्यांत ताकद आहे, पण सारखं बोलून बोलून सिनेमा घरगुती होतो. मिसेस थॉमसना या खेपेला संगीत जास्त वाटलं नाही, बोलणं जास्त वाटलं. एवढे छोटे छोटे शॉट कुठल्या रशियन पद्धतीवरून घेतले, असं कुणीतरी विचारलं. सेतुराव म्हणाले, "तुकडे तेवढेच होते, सार."

कलकत्त्याहून एक समीक्षक पाहुणे आले होते. परदेशातल्या महोत्सवांत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. बोलणं सगळं काढून टाका. मागे वीणा ठेवा थोडी. मुका सिनेमा करा, मी तो बाहेर पाठवतो. पुढच्या महिन्यात मी परत येतोय, तेव्हा दाखवा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सेतुरावांच्या नशिबानं दार ठोठावलं, असाच सूर होता.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. म्हणालो, "सेतुराव, ऐकू नका यांचं. यांची मतं मी इतकी वर्षं ऐकतोय. सोमवारी त्यांची त्यांना आठवत नाहीत."

ते कठड्याला टेकून उभे राहिले. "खाटेखालीं ठेवूं काय मग? आमच्या लोकांपुढं ठेवलं, ते हसले. या लोकांस बोलणंच नको झालंय. बोलणं काढलं तर निदान मुखं तरी जगतील की नाहीं?"

"आणि अप्पा?"

"अप्पांस सांगणार नाहीं. सांगूं कसं?"

राग त्यांचा आला नाही. इतकी वर्षं लोकांचे डबे वाहिलेल्या माणसाला एकदा आपला डबा बोटीवर चढलेला पाहायचा होता, त्यात काय चुकलं? पण वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

फिल्मच्या कडेला एक नागमोडी पट्टी असते. आवाज म्हणजे तेवढीच पट्टी. नवी प्रत निघाली, तिच्यावर पट्टी वीणेची होती. पुढे तो सिनेमा खरोखरच परदेशी गेला. तिथल्या कुणीतरी लिहिलेला मजकूर सोसायटीच्या अंकात छापून आला. दिग्दर्शकानं मौनाचा वापर फार धाडसानं केला आहे, असं त्यात होतं. सुंदरेशनना तो मजकूर पाठ होता आणि नव्या सभासदांना ते तो म्हणून दाखवायचे. हे सगळं झालं, नाही असं नाही. पण सेतुरावांच्या सिनेमाचं नाव निघालं की मला समीक्षक परत आल्याची संध्याकाळच आठवते.

हॉल भरला होता. आमच्या मराठी मंडळींना या वेळी बोलावणं नव्हतं. अप्पा मात्र आले. सेतुरावांनी त्यांना घरी राहा म्हणून सांगून पाहिलं असावं, पण म्हातारा ऐकतोय कसला. तोच काळा कोट, पहिली रांग. मी पहिलं रीळ लावलं. वीणा सुरू झाली. पडद्यावर अप्पांचं तोंड हललं, आणि आवाज नाही.

अप्पांनी मान वळवून माझ्या केबिनच्या भोकाकडे पाहिलं. हात वर करून खूण केली, आवाज येत नाही म्हणून. मी काय करणार? त्यांनी थोडी वाट पाहिली. मशीन बिघडलंय आणि लोक तर बसलेत, एवढं त्यांच्या ध्यानात आलं असणार. मग ते खुर्चीत सरळ बसले, घसा साफ केला, आणि पडद्यावर तोंड हललं तसे बोलायला लागले.

एक शब्द पुढे नाही, एक मागे नाही. आपली मराठी वाक्यं आपल्या आवाजात, आणि मुलीची तमिळ उत्तरं जरा हळू. "तुज तिकडं जेवणास कोण वाढील गे?" आणि लगेच, "अदेल्लाम् नान् पात्तुक्करेन् अप्पा," म्हणजे ते सगळं मी बघून घेईन. केबिनमध्ये मला नीट ऐकू येत नव्हतं, तरी पडद्यावरच्या ओठांवरून सगळं कळत होतं, कारण मलाही ती वाक्यं पाठ झाली होती. स्वयंपाकघरातला प्रसंग आला. "तुझी माय असती तर" इथपर्यंत ते आले, आणि मागून श्श् झालं. दुसरीकडून झालं. समीक्षकांनी मान वळवली. अप्पांना ते आपल्यासाठी आहे हे समजलं नाही. उलट आपला आवाज मागे पोचत नसेल असं वाटून ते मोठ्यानं बोलायला लागले.

सेतुराव उठलेले मला दिसले. वाकून पहिल्या रांगेपर्यंत गेले, वडिलांचा दंड धरला, कानात काहीतरी बोलले आणि त्यांना घेऊन बाहेर पडले. अप्पा दारापर्यंत मान मागे वळवून पडद्याकडे बघत होते. तोंड हलत होतंच.

पाचवं रीळ लागलं की ऑपरेटरला पुढचं मशीन तयार करायचं नसतं. ते संपताच मी दिवे लावले आणि दार उघडून जिन्यानं व्हरांड्यात उतरलो. अप्पा बाकावर एकटे होते. सेतुरावांना त्यांनी पाण्याला पाठवलं असावं असं वाटलं, पण नाही. चर्चेला दिग्दर्शक हवा म्हणून कुणीतरी त्यांना आत घेऊन गेलं होतं.

"मशीन दुरुस्त झालं काय?" अप्पांनी विचारलं.

खोटं सांगायला मला काही अवघड नव्हतं. रोज निर्मात्यांना सांगत होतो. पण त्या माणसाला सांगवेना.

"मशीन बिघडलं नव्हतं, अप्पा. सिनेमातलं बोलणं काढून टाकलंय."

"माझं?"

"सगळंच."

ते कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "माझा आवाज बरा नव्हता काय?"

"फार चांगला होता. इतकी वर्षं नटांचे आवाज ऐकतोय, म्हणून सांगतो."

"मग सेतुनं काढला कशास?"

आत टाळ्या सुरू झाल्या. चांगल्या जोरात होत्या, थांबायचं नाव घेत नव्हत्या. अप्पा बाकावरून उठले, कोट नीट केला आणि मुलगा बाहेर येईल म्हणून बंद दाराकडे बघत उभे राहिले.